डाव्या बाजूचा पत्रा

दि. १० जानेवारी

चि. ठोक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक जुनी गाडी.

हे पत्र मिळेल त्याच्या आधीच म्हातारी तुझ्या दारात येऊन उभी राहिली असेल. लाकडाच्या वखारीचा ड्रायव्हर माल घेऊन खाली शहरात निघाला होता, त्याच्या ट्रकमागे बांधून ती पाठवली. इंजिन चालू आहे, पण डावा दिवा फुटलाय आणि मडगार्ड चाकाला घासतं. अप्पांच्या या जीपला पहिला पोचा तू नवव्या वर्षी पाडला होतास. आता सदतिसाव्या वर्षी एक पोचा काढून फिटंफाट कर.

झालं असं, की गुरुवारी सकाळी अप्पा वरच्या वस्तीवर कुणाची तरी गाय बघायला गेले. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी जनावरांच्या डॉक्टरला हाक आली की त्यांचे पाय बूट शोधायला लागतात. येताना धुकं होतं. घाटातल्या तिसऱ्या वळणावर गाडी मैलाच्या दगडाला घासली. त्याचाच धसका घेतला की काय कोण जाणे, संध्याकाळी त्यांच्या छातीत जड वाटायला लागलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. हृदयाचंच निघालं, पण थोडक्यात निभावलं. काल घरी आणलं आहे. फोन त्यांच्या उशाशी असतो आणि त्यांच्या तब्येतीबद्दल कुणी बोललं की ते भडकतात. म्हणून तू फोन करू नकोस. पत्र लिही, आणि माझ्या शाळेच्या पत्त्यावर लिही.

इकडे दोन दिवस वीज नव्हती. आपला लाइनमन गुरुवारी घाटात पडला. शुक्रवारी सकाळी दूधवाल्याला उताराखाली सापडला, अजून शुद्धीवर नाही. त्याची बायको आमच्या शाळेत शिपाई आहे. तिची रजा चालू आहे म्हणून सध्या घंटा मीच देते.

काम नीट कर, पण लवकर कर. वीस तारखेच्या आत गाडी परत हवी असं अप्पा म्हणतात. रंग जुन्याशी मिळता लाव. काही नवं केलंय असं कुणाला वाटायला नको.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
ताई

दि. १३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

म्हातारी मंगळवारी पोचली. एक डोळा फुटलेला, तोंड वाकडं केलेलं. तिला दारात बघून उस्ताद म्हणाले, की ठोक्या, तुझ्या घरचं कुणीतरी रुसून आलंय. उस्ताद म्हणजे आमच्या गॅरेजचे मालक. चाळीस वर्षं पत्रा ठोकून त्यांचा उजवा कान गेला आहे, त्यामुळे सगळ्या जगाने त्यांच्याशी डावीकडून बोलावं असा नियम आहे.

तू घाई लिहिलीस म्हणून लगेच हात घातला. मडगार्ड सोडवलं. जुन्या गाडीचा पत्रा जाड, आजच्या गाड्यांसारखा अंगठ्याने दबणारा नाही. एका बाजूने लोखंडी ठोकळा टेकवून दुसऱ्या बाजूने हातोडीने हळूहळू मारत दोन दिवसांत पोचा बाहेर काढला. एका जागी पत्रा ताणून पसरला होता, तो लाल होईपर्यंत तापवला आणि ओल्या फडक्याने आवळून घेतला. लांबीचा लगदा भरून खड्डे लपवायची वेळ येणार नाही. उस्तादांनी हात फिरवून बघितला आणि मला पुढची गाडी दाखवली. त्यांच्याकडे शाबासकी अशीच मिळते.

पण ताई, एक विचारतो. अप्पांना सांगू नकोस, नाहीतर तोच बूट माझ्या अंगावर येईल. मैलाचा दगड माझ्या गुडघ्याएवढा. तो लागला तर मार बंपरला बसायला हवा, पायरीला बसायला हवा. तिथे साधा ओरखडा नाही. पोचा होता तो मडगार्डच्या वरच्या अंगाला. तिथून एक सरळ चरा निघालाय, तो बॉनेटच्या कडेने चढत चढत काचेच्या फ्रेमपर्यंत गेलाय, आणि फ्रेमचा डावा खांब आत वाकलाय. म्हणजे माझ्या छातीच्या उंचीला. दगडाने उडी मारली म्हणावी का?

चऱ्यात पिवळा रंग भरला आहे. मडगार्ड आणि बॉनेटच्या फटीतून लाकडाच्या चार ढलप्या निघाल्या. अप्पांनी कुणाचं फाटक पाडलं काय? खरं सांग, मी हसणार नाही. निदान पत्रात तरी हसणार नाही.

आणखी एक. ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला चादरीची घडी कशाला लावली होती? अप्पांचे गुडघे तर सीट मागे ढकलूनसुद्धा स्टिअरिंगला लागतात.

अप्पांना नमस्कार सांग. लोभाचा पाऊस पडला नाही तरी चालेल, शिंतोडे येऊ देत.

तुझा
ठोक्या

दि. १६ जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुला गाडी ठोकायला दिली आहे की उलटतपासणी घ्यायला? धुक्यात कशाला काय लागलं हे सांगायला अप्पांनी तिथे फूटपट्टी लावली नव्हती. चादर कुणीतरी ठेवली असेल. काचेचा खांब आधी सरळ कर. त्या ढलप्या फेकून दे.

रागाने लिहिलं गेलं, मनावर घेऊ नकोस. झोप नीट लागत नाही.

लाइनमन शुद्धीवर आला. पाय मांडीत मोडलाय, तीन बरगड्या गेल्यात. गुरुवारचं त्याला काहीच आठवत नाही. दुपारी डबा खाल्ला, शिडी सायकलला बांधली, इथपर्यंत आठवतं. पुढे सगळं कोरं. त्याच्या खात्याच्या साहेबांनी मात्र ठरवून टाकलंय, की तो पिऊन पडला. सायकल एकीकडे, शिडी दुसरीकडे आणि माणूस तिसरीकडे, हे शुद्धीतल्या माणसाचं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. चोवीस तारखेला चौकशी आहे. नोकरी जाईल असं सगळे बोलतात. तो कशाला शिवत नाही हे गावाला माहीत आहे, पण तसं लिहून द्यायला गाव पुढे येत नाही.

त्याची बायको शुक्रवारी कामावर आली. सकाळी दवाखान्यातून थेट शाळेत येते, वेळेवर घंटा देते, आणि शाळा सुटली की पुन्हा तिकडे. काल शिक्षकांच्या खोलीत पाण्याचा माठ भरताना तिने मला विचारलं, की बाई, तुम्ही माझ्या माणसाला कधी प्यालेला बघितलंत का. मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग चोवीसला येऊन एवढंच सांगाल का. मी बघते म्हटलं.

हवालदार घाटरस्त्याने कुणाकुणाच्या गाड्या जातात ते विचारत फिरतो आहे. आपल्याकडेही आला होता. अप्पांनी सांगितलं, की आमची गाडी महिन्याच्या सुरुवातीपासून दुरुस्तीला गेली आहे. मी चहा घेऊन आले होते, तिथेच उभी राहिले.

लवकर कर रे. एवढी माया कर माझ्यावर.

तुझी
ताई

दि. १७ जानेवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी लिहायची मनाई केली आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

तू ताईला लिहिलेलं पत्र मी वाचलं. तिच्या पर्समध्ये होतं. वाचायला नको होतं, पण वाचलं. तुझी नजर तयार झाली आहे. गाडी मी चालवत होतो. तेव्हा काय लागलं ते कळलं नाही, आता कळलं आहे. तो माणूस वाचला, ही समाधानाची गोष्ट. माझं वय एक्काहत्तर, छातीची ही दशा. चौकी आणि कोर्टाच्या पायऱ्या मला झेपणार नाहीत. आणि ताईला याच गावात, याच शाळेत अजून बारा वर्षं काढायची आहेत.

तुझ्या मालकांच्या छापील कागदावर, शिक्क्यासकट, एक चिठ्ठी तयार कर. ही गाडी चार जानेवारीला दुरुस्तीस आली, एवढंच लिही. वखारीच्या ड्रायव्हरशी मी बोललो आहे. चिठ्ठी तेवीसच्या आत माझ्या हातात हवी. गाडी आता इतक्यात पाठवू नकोस. खांब सरळ होऊन रंग वाळल्याशिवाय तर नाहीच.

तू शिक्षण सोडून पत्र्याच्या कामाला गेलास तेव्हा तीन वर्षं मी तुझ्याशी नीट बोललो नाही. चूक माझी होती. ती कबूल करायला ही वेळ यावी लागली, याची लाज वाटते. पण आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, हेही तितकंच खरं.

हे पत्र जाळून टाक.

अप्पा

दि. १९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

ढलप्या फेकल्या नाहीत. कागदात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवल्या आहेत.

अप्पांचं पत्र आलं. गाडी आपण चालवत होतो असं लिहितात, आणि माझ्याकडून एक खोटी चिठ्ठी मागतात. तुला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. माहीत नसेल तर आता झालं.

तुझ्या सोळा तारखेच्या पत्रात लाइनमनची शिडी वाचली आणि हातातली हातोडी खाली ठेवली. त्या शिडीची टोकं पिवळी रंगवलेली असतात, रस्त्यावरच्यांना दिसावीत म्हणून. सायकलला आडवी बांधली की तिचं टोक बरोबर मडगार्डच्या वर येतं. मी मोजून बघितलं. गॅरेजमधली एक सायकल आणली, तिला लाकडाची पट्टी बांधली, आणि म्हातारीच्या शेजारी उभी केली. ताई, चरा त्या पट्टीवर अगदी तंतोतंत बसला. मी ती पट्टी लगेच सोडून टाकली. तिकडे बघवेना.

दोन दिवस मी त्या वाकलेल्या खांबासमोर नुसता उभा होतो. उस्तादांच्या ते लक्षात आलं. त्यांनी चऱ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, माणूस आहे का. मी म्हटलं जिवंत आहे. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती पूर्वी कधी सांगितली नव्हती. तरुणपणी त्यांनी एका ट्रकचं तोंड एका दिवसात आरशासारखं करून दिलं होतं. मालकाने बैल आडवा आला म्हणून सांगितलं होतं. बैल नव्हता, हे त्यांना आठ दिवसांनी कळलं, तोवर त्यांच्या हातचं काम एवढं चोख झालं होतं की दाखवायला काही उरलंच नव्हतं. एवढं बोलून ते चहाला गेले.

मडगार्डचा पोचा मी काढून टाकलाय. तुम्हा दोघांच्या घाईवर विश्वास ठेवून काढला. आता शिल्लक आहे तो चरा आणि खांब. त्याला मी हात लावलेला नाही.

पण एक गोष्ट लपवत नाही. उस्ताद चहाला गेले तेव्हा मी त्यांचा खण उघडला, कागद घेतला, चार जानेवारी लिहिलं आणि शिक्का मारला. अप्पांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. चिठ्ठी आत्ता माझ्या शर्टाच्या खिशात आहे. टपालात टाकवत नाही आणि फाडवतही नाही.

सीटच्या पाठीला चादरीची घडी लावल्याशिवाय ज्या माणसाचा पाय ब्रेकपर्यंत पोचत नाही, असं आपल्या घरात एकच माणूस आहे. अप्पांनी बाकी सगळं लिहिलं, त्या चादरीबद्दल काही लिहिलं नाही.

तू सांगशील तसं करतो. तुझ्यावर ढकलतोय, हे मला कळतंय. काहीही झालं तरी तू माझी ताईच आहेस, यात खाडाखोड होणार नाही.

तुझा
ठोक्या

दि. २१ जानेवारी

चि. ठोक्यास,
आशीर्वाद.

आधी चिठ्ठी फाड. मग पुढचं वाच.

फाडलीस ना?

अप्पा सकाळी कुठल्याही गायीकडे गेले नव्हते. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला ते खुर्चीत बसल्या बसल्या घामाघूम झाले. शेजाऱ्यांच्या घराला कुलूप होतं. मी त्यांना जीपमध्ये बसवलं आणि निघाले. घाटात दहा हातांपुढचं दिसत नव्हतं. तिसऱ्या वळणावर डाव्या बाजूला काहीतरी आदळलं, लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला, आणि माणूस ओरडला. दगड वाटलं, जनावर वाटलं, असं लिहावंसं वाटतंय, पण आवाज माणसाचा होता. मी गेले निघून. अप्पांचे ओठ निळे पडले होते हे खरं आहे, पण त्याचा आडोसा मी घेणार नाही.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं. बाहेर रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर पायरीवर मोकळा बसला होता. माझ्यापासून चार पावलांवर. त्याला नुसतं सांगितलं असतं, की तिसऱ्या वळणावर बघून ये, तरी पुरे होतं. मी बाकावर बसून राहिले. तो माणूस उताराखाली सकाळपर्यंत पडून होता.

शुद्धीवर आल्यावर अप्पा पहिलं वाक्य हेच बोलले, की गाडी मी चालवत होतो. मग दगड आला, गाय आली, शेजाऱ्यांची गाडी आली. एकेक खोटं ते मला पाठ करायला लावत होते आणि मी करत होते. तुला ते पहिलं पत्र लिहिताना मला एकही शब्द खोडावा लागला नाही. त्याचीच आता भीती वाटते.

तुझं पत्र आज सकाळी शाळेत मिळालं. वाचलं, आणि पहिल्या घंटेनंतर लाइनमनच्या बायकोला व्हरांड्यात गाठलं. सरळ सांगितलं. ती किंचाळेल, मला मारेल असं वाटलं होतं, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने एवढंच विचारलं, की तो ओरडला होता का. मी हो म्हटलं. काय ओरडला, असं तिने विचारलं. कळलं नाही, म्हटलं. तिने घंटेचा हातोडा खिळ्याला अडकवला, मुख्याध्यापिकांना सांगून रजा घेतली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. मग मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. मग चौकीत जाऊन हवालदाराला सांगितलं. त्याने माझी जबानी लिहून घेतली. मध्ये दोनदा त्याने पेन खाली ठेवलं. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती.

आता घरी निघते आहे. अप्पांना अजून माहीत नाही. त्यांच्या छातीचं काय होईल याची धास्ती आहे, पण त्या छातीसाठी आता आणखी काही लपवत नाही.

गाडी आहे तशी घेऊन ये. मडगार्डचं तू काय केलंस तेही सांग. चोवीसला, सकाळी दहाला. ढलप्या विसरू नकोस.

मी मोठी असून तुला यात ओढलं. जमेल तेव्हा माफ कर.

ताई

दि. २२ जानेवारी

तीर्थरूप अप्पांस,
शि. सा. नमस्कार.

चिठ्ठी पाठवत नाही. केली होती, फाडली. उस्तादांना सांगितलं, त्यांनी खणाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडेच दिली.

उद्या गाडी घेऊन निघतो. दिवा नवा बसवला आहे, कारण दिव्याशिवाय घाट चढता येत नाही. मडगार्ड आधीच झालं होतं, त्यापलीकडे काहीही केलेलं नाही आणि करणार नाही. तुम्ही पहिल्यांदा काही मागितलंत आणि मी नाही म्हणतोय, हे मला किती जड जातंय ते तुम्हाला कळावं, म्हणून एवढं लिहिलं. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमचा
ठोक्या

दि. २ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून घरात मोठ्याने कुणी बोलत नाही. ताई शाळेत जात नाही, चौकशी पूर्ण होईपर्यंत तिला घरी बसवलं आहे. ती दिवसभर कपाटं आवरते. आवरलेली पुन्हा आवरते.

त्या दिवशी चौकशीत तू बोललास ते मी मागच्या बाकावरून ऐकलं. कुठला मार कुठून आला, पत्रा कसा वाकला, आपण काय ठोकून काढलं आणि काय ठेवलं, हे तू सांगत होतास आणि खात्याचे साहेब पिण्याचा विषय विसरून तुझ्या बोटाकडे बघत होते. मी तुझं काम आजवर कधी बघितलं नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ताईच्या जबानीत एक गोष्ट नाही. ती तिने तुलाही सांगितलेली नाही, मी विचारलं. ठोक्या, गाडी थांबली होती. पूर्ण थांबली होती. तिने दाराच्या कडीला हात घातला होता. मी तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, दगड आहे, चल, मी मरतोय. ती म्हणाली, अप्पा, कुणीतरी ओरडलं. मी म्हटलं, कुणी ओरडलं नाही.

मी ऐकलं होतं. तिच्याइतकंच स्पष्ट ऐकलं होतं.

बत्तीस वर्षं मी रस्त्यात पडलेल्या वासरासाठी, कुत्र्यासाठी गाडी थांबवली. तू आणि ताई मागे भुकेने रडत असायचात, तरी थांबवली. त्या दिवशी माझा जीव जातोय असं वाटलं, आणि मी बघितलं की आपण कोण आहोत. नंतर गाडी मी चालवत होतो असं सगळ्यांना सांगत सुटलो, ते तिच्यावरच्या मायेने, असं तुला वाटलं असेल. थोडं तसंही होतं. पण मनगट धरल्याचं कुणाला कळू नये, हे त्यात जास्त होतं.

जबानीत का सांगितलं नाहीस असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, ॲक्सिलरेटरवर पाय माझा होता.

उद्या सकाळी मी चौकीवर जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. तिला कळलं तर ती अडवेल, म्हणून फिरायला जातो म्हणून निघेन. हे पत्र तुला मिळेल तोवर मी जाऊन आलेला असेन. तुझ्यावर तरी मी आता काही लपवायला सोपवत नाही.

तुझा
अप्पा

दि. २८ मार्च

चि. ठोक्यास,
ताईचे खूप खूप आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही. तुझी चारही पत्रं मिळाली, त्यातलं उस्तादांनी गिऱ्हाइकाला उजव्या कानावर ठेवल्याचं वाचून अप्पा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

आता रीतसर सांगते. लाइनमनवरचा पिण्याचा ठपका खात्याने लेखी मागे घेतला. त्याला खांबावर चढता येणार नाही, पण नोकरी राहिली, मीटरच्या कचेरीत बसून काम करायचं. माझा परवाना तीन वर्षांसाठी गेला. कोर्टाचा निकाल लागायचा आहे, वकील म्हणतात आपण होऊन सांगितलं हे धरलं जाईल, पण किती ते सांगता येत नाही. शाळेने या सत्रापुरतं घरी बसवलंय, पुढचं निकालानंतर. अप्पांची जबानी कागदांना जोडली. त्या दिवशी ते अडीच किलोमीटर चालत गेले होते. परत आले तेव्हा मी इतकी भांडले त्यांच्याशी, की शेजारी बाहेर आले. भांडून झाल्यावर आम्ही दोघं जेवलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा एका टेबलावर.

म्हातारीची मोजमापं आणि फोटो झाले, गाडी सोडतो म्हणून चौकीतून कळवलंय. येऊन घेऊन जा आणि तो खांब तुझ्या सवडीने सरळ कर. या वेळी घाई नाही.

काल लाइनमनने आम्हाला घरी बोलावलं. बायकोने दार उघडलं आणि ती आत निघून गेली. तिने मला आधीच सांगितलंय, की बाई, तुम्ही बोललात हे बरं केलंत, पण आता माझ्याशी बोलायला येऊ नका. मी येत नाही. काल गेले ते त्याने बोलावलं म्हणून. तो खाटेवर पाय उंच ठेवून बसला होता. दोन खुर्च्या मांडल्या होत्या. अप्पांनी हात जोडले, त्याने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. तो म्हणाला, की चौकशीत साहेब बोलले, वकील बोलले, सगळे कागद वाचून दाखवले, पण मला अजून ती संध्याकाळ कुणी सांगितली नाही. तुम्ही तिथे होतात. तुम्ही सांगा.

मी सांगितली. वळण, धुकं, आवाज, थांबलेली गाडी, अप्पांचा हात, मग निघालेली गाडी. तो नजर न हलवता ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सगळं सांगितलं. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या वेळी त्याने मध्येच मला थांबवलं. चौकशीत कुणीच न विचारलेलं त्याने विचारलं. माझी सायकलवरची बॅटरी चालू होती का. मी म्हटलं, चालू होती. धुक्यात एक पिवळट ठिपका मला दिसला होता, रस्त्याच्या अगदी कडेला, जिथे असायला हवा तिथेच. मला तो लांबच्या घराचा दिवा वाटला. त्याने दोन्ही हातांनी आपला पाय उशीवर सारखा केला. मग त्याने विचारलं, म्हणजे माझी चूक नव्हती.

मी म्हटलं, नव्हती.

आज एवढंच लिहिता येतंय. येशील तेव्हा उरलेलं बोलू. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई